अलंकार ओळखता येतो, पण पुढे काय लिहायचं?

कविता किंवा भाषण समोर ठेवून 'विश्लेषण करा' असा प्रश्न आला की हातपाय गार पडतात ते मला पक्कं माहितीये, म्हणून हे लिहायला बसले. उपमेय, उपमान, अनुप्रास, यमक वगैरे तुम्ही शाळेत केलंय असं धरून चालते, त्यात परत शिरत नाही.

मी कुठे अडकले ते आधी सांगते. पहिल्या वर्षाला एका भाषणावर लिहायचं होतं. चार रात्री बसून मी त्यातले चौदा अलंकार शोधले, प्रत्येकाखाली रेघ, बाजूला नाव, खाली व्याख्या, सगळं नीट. पेपर परत आला तर प्रत्येक परिच्छेदाशेजारी लाल पेनने एकच शब्द लिहिलेला, 'मग?' आणि मार्क जेमतेम पासापुरते. मला खूप लागलं ते, कारण एकही नाव चुकलेलं नव्हतं. मग नक्की चुकलं काय, हे कळायला पुढचं अख्खं वर्ष गेलं.

चुकलं ते हे. अलंकाराचं नाव सापडलं की काम झाल्यासारखं वाटतं आणि आपण तिथेच थांबतो. 'इथे दृष्टान्त अलंकार आहे, त्यामुळे काव्याचं सौंदर्य वाढलं आहे' हे वाक्य आठवा, आपण सगळ्यांनी लिहिलंय. ते कुठल्याही कवितेखाली चिकटवा, चालतं. म्हणजेच समोरच्या कवितेबद्दल त्यात काहीही नाही.

तुकोबांच्या या ओळी सगळ्यांना पाठ आहेत:

लहानपण दे गा देवा, मुंगी साखरेचा रवा
ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार

गाईडमध्ये याच्यापुढे 'दृष्टान्त' लिहिलेलं असतं, ते बरोबरच आहे. पण आता हळू वाचा. मुंगीच्या अर्ध्या ओळीत क्रियापदच नाही. मिळतो, खाते, काही नाही. मुंगी आणि साखर एकमेकींशेजारी ठेवून दिल्यात, मध्ये धडपड नाही. ऐरावताला मात्र आधी चढवलंय, रत्न काय, थोर काय (समुद्रमंथनातल्या चौदा रत्नांपैकी तो एक, म्हणून रत्न), आणि एवढं चढवून झाल्यावर ओळीच्या अगदी शेवटी 'मार' पडतो. यमक कुणाचं जुळलंय बघा, 'थोर' आणि 'मार'. मोठेपण आणि फटका कानालाच बांधून टाकलेत, अर्थ कळायच्या आधी. आणि वर देवा-रवा, म्हणजे देवाकडे हात पसरला तर साखर. हे मला दिसलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून उभी राहिले होते. 'मग?'चं उत्तर हे होतं.

हे दिसायला मी एक गोष्ट करते, तुम्हीही करा. ओळ साध्या भाषेत लिहून काढायची, 'मोठ्यांना त्रास होतो, लहान सुखी असतात', आणि मूळ ओळीशेजारी ठेवून बघायचं की काय गेलं. जे गेलं त्याच्याबद्दल लिहायचं. नाव त्याच वाक्यात कुठेतरी येऊन जाऊ दे.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. 'सारखा दिसला की उपमा, जणू दिसलं की उत्प्रेक्षा' हा तक्ता एका मार्काच्या प्रश्नाला ठीक आहे, त्याच्यापुढे तो नुकसान करतो. चेहरा चंद्रासारखा, चेहरा जणू चंद्रच, चेहरा हाच चंद्र, हा चेहरा नव्हेच, चंद्र आहे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, ही नावं येतीलच, पण बोलणारा माणूस प्रत्येक पायरीवर किती वाहवत गेलाय ते बघा, पहिल्यात तो भानावर आहे आणि शेवटच्यात चेहरा नाकारूनच बसलाय. तक्ता पाठ करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, मला दोन वर्षं दिसलं नव्हतं.

भाषणांमध्ये हाच सापळा वेगळ्या नावाने येतो. ॲरिस्टॉटलचे इथॉस, पॅथॉस, लोगॉस (म्हणजे वक्त्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि तर्क) शिकवले की लगेच 'इथे पॅथॉस आहे' असं लिहायला सुरुवात होते. अहो पण कुणाच्या मनात, कुठली भावना, आणि ती जागी करून वक्त्याला पुढे काय करून घ्यायचंय? समोर कोण बसलंय हे माहिती नसताना भाषणावर लिहूच नका, प्लीज.

आणि भाषांतरावरून तर अजिबात नको. लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण, १९ नोव्हेंबर १८६३, जेमतेम पावणेतीनशे शब्दांचं. त्यातलं 'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' मी मराठीतून वाचून लिहून टाकलं की प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एकच शब्द परत येतो. मूळ इंग्रजीत 'पीपल' प्रत्येक तुकड्याच्या शेवटी येतो! ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल. आपले प्रत्यय शब्दामागे लागतात म्हणून मराठीत सगळं उलटं झालं आणि मी भलत्याच अलंकारावर पानभर लिहिलं.

ऑडिओ असेल तर ऐकाच. मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं भाषण कागदावर वाचताना ते 'माझं एक स्वप्न आहे' परत परत येऊन मला कंटाळवाणं वाटलं होतं. ऐकलं तेव्हा कळलं की दर वेळी गर्दीचा आवाज त्यात मिसळतोय, ती पुनरुक्ती ते दोघं मिळून करतायत. स्वप्नाचा तो भाग समोरच्या लिखित मसुद्यात नव्हता, हे कळल्यावर तर मी ते पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

मार्गदर्शकाबद्दल एवढंच, जो तुम्हाला तयार उत्तर देतो त्याच्यापेक्षा 'मग?' विचारणारा धरून ठेवा, कितीही राग आला तरी. मला तेव्हा आला होता, आता त्यांच्याबद्दल फक्त आदर आहे.

घाबरू नका मात्र. तुमचा कान मराठीत तयार झालेलाच आहे, फक्त त्याच्यावर भरवसा नाही. टिळकांचं 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच' घ्या आणि शेवटचा 'च' काढून मोठ्याने म्हणा. वाक्य बसलं ना खाली? त्या 'च'ला शाळेतल्या अलंकारांच्या तक्त्यात कुठेच जागा नाही, पण मी त्याच्यावर अर्धं पान लिहिलं होतं आणि त्या पानाशेजारी लाल पेन चाललं नव्हतं.

परीक्षेत वेळ कमी पडत असेल तर पाचांऐवजी दोनच जागा घ्या आणि त्या पूर्ण उलगडा, बाकीची नावं राहिली तरी राहू द्या.