लोखंड घ्या, दगड तिथेच सोडा: जुना बेंच ग्राइंडर कसा निवडावा आणि कसा उभा करावा

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या बंद पडलेल्या लहान युनिटचं सामान बाहेर निघालं की लेथ, ड्रिल, व्हाइस यांच्यासोबत एखादा बेंच ग्राइंडर हमखास असतो. टर्नर मंडळी एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूल बिटांना त्याच्यावरच धार लावायची. सीएनसी मशिनं आली, टूलच्या टोकाला कार्बाइडचे तयार इन्सर्ट बसू लागले. एक कोपरा झिजला की इन्सर्ट फिरवायचा आणि पुढे जायचं. ग्राइंडरवर उभं राहायची गरजच कमी झाली आणि तो हळूहळू भंगाराच्या ढिगात गेला.

घरच्या वर्कशॉपसाठी याच्याइतकी चांगली जुनी वस्तू दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. मुळात त्यात बिघडण्यासारखं फार कमी आहे. एक मोटर, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला शाफ्ट, दोन बेअरिंग आणि घासायचे दोन गोल दगड. जुनी ओतीव बॉडी जड असते आणि त्या वजनामुळे थरथर कमी होते. बेअरिंग बदलता येतात, वाइंडिंग (मोटरमधल्या तारांची गुंडाळी) नव्याने भरता येतं, रंग लावता येतो. फक्त दगड जुना घ्यायचा नाही. तो किती वेळा पडला, ओलीत किती वर्षं राहिला, कोणी बाजूने घासून पातळ केला, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून सौदा करताना दगडाची किंमत शून्य धरा.

खरेदीला जाताना

अंबड लिंक रोडच्या बाजूला आणि औद्योगिक वसाहतींच्या आसपास भंगाराचा धंदा कित्येक वर्षांचा आहे. सकाळी उजेडात जा. खिशात टेस्टर, छोटा पाना, टॉर्च आणि कागदाचा एक तुकडा ठेवा. युनिट बंद करणाऱ्या मालकाकडून थेट मिळाला तर उत्तम, कारण मशीन शेवटचं कधी चाललं होतं हे तो सांगू शकतो.

दुकानदार लगेच म्हणेल, "भाऊ, लावून दाखवतो, एकदम चालू आहे." त्याला थांबवा. अनोळखी दगड लावलेला ग्राइंडर तुमच्या समोर चालू करू देऊ नका. आधी प्लग काढलेला असताना हाताने तपासा.

दगड हाताने फिरवून सोडा. तो सहज फिरत राहिला पाहिजे. खर्रखर्र आवाज आला तर बेअरिंग गेलं, तो खर्च किरकोळ आहे. ठरावीक जागी येऊन अडकला तर मात्र रोटर (मोटरचा फिरणारा भाग) स्टेटरला (स्थिर भागाला) घासत असेल किंवा शाफ्ट वाकला असेल. मग शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवा. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग संपलं आहे, किंवा बेअरिंग बसण्याची जागाच झिजली आहे. ही दुसरी शक्यता महागाची, कारण मग लेथवर काम करून घ्यावं लागतं.

शाफ्ट वाकला आहे का हे बघायला नट आणि दगड काढायला लावा. एक पेन्सिल स्टँडवर टेकवून टोक शाफ्टच्या अगदी जवळ आणा आणि शाफ्ट सावकाश फिरवा. मधली फट एकसारखी दिसली पाहिजे. ती उघडमिट करत असेल तर ते मशीन सोडून द्या, दुकानदाराने कितीही भाव पाडला तरी.

आता नंबर प्लेट. कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: व्होल्ट, फेज आणि आरपीएम (मिनिटाला फेरे). कारखान्यातले कितीतरी ग्राइंडर ४१५ व्होल्टचे, थ्री फेज असतात आणि आपल्या घरी साधारणपणे सिंगल फेज २३० व्होल्ट असते. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये वाइंडिंगची सहा टोकं बाहेर आलेली असतील, तर जाणकार इलेक्ट्रिशियन स्टारचं कनेक्शन डेल्टामध्ये करून सिंगल फेजवर चालणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हने (सिंगल फेजपासून थ्री फेज देणाऱ्या उपकरणाने) ती मोटर फिरवू शकतो. तीनच टोकं बाहेर असतील तर मोटर उघडून स्टारचा सांधा बाहेर काढावा लागतो. ड्राइव्हची किंमत धरूनच भाव करा. पहिलाच ग्राइंडर घेत असाल तर सिंगल फेजचाच शोधा.

शेवटी दोन्ही बाजूंची गार्ड आणि टूल रेस्ट (अवजार टेकवायचा आधार) जागेवर आहेत का ते पाहा. "गार्ड काय, पत्र्याची करून घ्या" हे ऐकू नका. फुटलेल्या दगडाचे तुकडे अडवायचे काम त्या गार्डचं आहे. पातळ पत्र्याचा डबा ते करू शकत नाही. गार्ड नसलेला ग्राइंडर मी आता फुकट मिळाला तरी आणत नाही.

उघडताना

घरी आणल्यावर पहिला प्रश्न नटचा. उजव्या बाजूला नेहमीचे आटे असतात, डाव्या बाजूला उलटे. मला हे माहीत नव्हतं. सिडकोतल्या घराच्या गच्चीवर पहिला ग्राइंडर उघडताना डावा नट निघेना, म्हणून पान्याला पाइप घालून मी अंगातला सगळा जोर लावला. नट सुटला नाही, शाफ्टचे आटे गेले. लेथवर लहान मापाचे आटे पाडून घ्यावे लागले आणि त्या मापाचा नट शोधण्यात आठवडा गेला. लक्षात ठेवायला सोपं असं सांगतो. मशीनसमोर उभं राहिल्यावर दगडाचा वरचा भाग तुमच्याकडे येतो आणि पुढची बाजू खाली जाते. पानाही त्याच दिशेने, वरून तुमच्याकडे फिरवला की दोन्ही बाजूंचे नट सुटतात. घट्ट करताना उलट. दगड फिरू नये म्हणून लाकडाची पाचर द्या.

सिंगल फेजच्या मोटरला कपॅसिटर असतो. बहुतेक वाइंडर त्याला कंडेन्सरच म्हणतात. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, म्हणून हात लावण्यापूर्वी जुन्या १०० वॉटच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून तो रिकामा करा.

आता दोन्ही बाजूंच्या झाकणांवर आणि बॉडीवर पंचने खुणा करा, एका बाजूला एक टिंब, दुसऱ्या बाजूला दोन. मोबाइलने वायरिंगचे फोटो घ्या. लांब बोल्ट काढून झाकण लाकडी ठोकळ्याने चारी बाजूंनी हलकं हलकं ठोका. लोखंडी हातोडीने एका जागी मारलंत तर ओतीव झाकणाला चीर जाते. रोटर सरळ बाहेर ओढा, वाइंडिंगला तो घासू देऊ नका.

आत काय दिसतं ते पाहण्यासारखं असतं. दगडाची करडी धूळ, लोखंडाचा चुरा आणि वर्षानुवर्षांचं ग्रीस मिळून डांबरासारखा लगदा झालेला असतो. तो लाकडी काडीने खरवडा आणि कोरड्या ब्रशने झाडा. जोराची हवा मारू नका, ती धूळ वाइंडिंगमध्ये आणखी खोल जाते. वाइंडिंगच्या तारा तांबूस किंवा मधासारख्या दिसल्या तर बरं. काळ्या पडल्या असतील आणि जळका वास येत असेल तर रिवाइंडिंग करावं लागेल. नक्की समजत नसेल तर वाइंडरकाकांकडे न्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) वाइंडिंग ते बॉडी तपासून घ्या. १ मेगाओमपेक्षा जास्त आलंच पाहिजे. पावसाळ्यात पडून राहिलेल्या मोटरचं रीडिंग कमी आलं तरी लगेच निराश होऊ नका. दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून पुन्हा मोजा.

मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने ढकलल्यावर सुरू होते, अशी तक्रार घेऊन येणारे ग्राइंडर पुष्कळ असतात आणि त्यामुळेच ते स्वस्तात मिळतात. दोष बहुधा कपॅसिटरमध्ये किंवा सेंट्रीफ्युगल स्विचच्या (मोटरने वेग घेतल्यावर आपोआप सुटणाऱ्या स्विचच्या) काळवंडलेल्या पॉइंटमध्ये असतो. कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड आणि व्होल्ट जुन्याप्रमाणेच घ्या.

बेअरिंग

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. लहान ग्राइंडरमध्ये ६२०२, ६२०३ किंवा ६२०४ हे नेहमीचे. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२. बेअरिंग चांगलं फिरत असलं तरी एवढं उघडल्यावर दोन्ही बदलाच. नंबरच्या पुढे ZZ असेल तर पत्र्याचं झाकण आणि 2RS असेल तर रबरी सील. ग्राइंडरच्या धुळीसाठी रबरी सीलचं घ्या. बेअरिंगमध्ये नकली माल खूप येतो, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल मागा.

जुनं काढायला पुलर लागतो. नवं बसवताना जोर फक्त आतल्या रिंगवर यायला हवा. शाफ्टवर सैल जाईल आणि आतल्या रिंगवर टेकेल असा पाइपचा तुकडा घ्या आणि त्यावर ठोका. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करतं. झाकणाच्या खाचेत लाटांसारखी वळलेली पातळ वॉशर असते, ती जपून ठेवा आणि परत तशीच बसवा.

रंग आणि वायर

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका. पाण्यातला पेपर वापरा, मास्क लावा आणि लहान मुलांना दूर ठेवा. नंबर प्लेटवर चिकटपट्टी लावा, ती रंगवून टाकू नका. सुट्या भागांचा गंज सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर बुडवून निघतो. नंतर धुऊन, लगेच वाळवून तेलाचा हात फिरवा, नाहीतर आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत दुसऱ्या दिवशी तांबूस थर दिसतो.

जुनी वायर ठेवू नका. तीन कोअरची नवी केबल घ्या आणि हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर बॉडीच्या धातूला, रंग खरवडून, स्क्रूने पक्की करा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेला बरा.

दगड

इथे घाई करू नका. सगळ्यात आधी वेग. सिंगल फेजचे बहुतेक ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेतात. २०० मिलिमीटरच्या दगडाची कडा त्या वेगाला सेकंदाला जवळपास ३० मीटर जाते आणि नेहमीच्या दगडांची मर्यादा ३०-३५ मीटरच्या आसपास असते. दगडावर कमाल आरपीएम छापलेले असतात, ते मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवेत. गार्डमध्ये जागा दिसली म्हणून २५० चा दगड घालणं म्हणजे ३७ मीटरच्या वर जाणं. तो मोह टाळा.

दगडावरचा कोड वाचायला शिका. "WA 60 K 5 V" यातलं WA म्हणजे पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइड, 60 म्हणजे दाण्याची जाडी, K म्हणजे घट्टपणा, 5 म्हणजे रचना आणि V म्हणजे चिनी मातीसारखं भाजलेलं बंधन. घरी मी एका बाजूला करडा ३६ चा ठेवतो, ओबडधोबड लोखंडासाठी. दुसऱ्या बाजूला पांढरा ६० किंवा ८० चा, पटाशी आणि ड्रिल बिटांसाठी. कार्बाइडला हिरवा दगड वेगळा लागतो. ॲल्युमिनियम किंवा पितळ यांपैकी कशावरही घासू नका, दगडाची छिद्रं भरून जातात.

दगड घेताना तो वाजवून बघा. उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो, तसंच. भोकात बोट किंवा काठी घालून दगड लटकवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने, मधल्या उभ्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेजवळ हलकं टिचका. अर्धा फेरा फिरवून पुन्हा. स्वच्छ टणत्कार आला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, तो दुकानातच परत द्या. दगड कोरडा हवा, ओला दगड बद्दच वाजतो.

आपल्याकडे मिळणाऱ्या दगडांचं भोक बऱ्याचदा ३१.७५ मिलिमीटरचं असतं आणि शाफ्ट त्याहून बारीक. दोन्हींच्या मध्ये नीट बसणारा बुश घाला, कागदाच्या गुंडाळ्या नकोत. दगडाच्या दोन्ही बाजूंना जाड कागदाची गोल चकती असते, ती काढू नका. फ्लँजचा (दगड दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या धातूच्या चकत्यांचा) दाब तिच्यामुळे सारखा पसरतो. दोन्ही फ्लँज एकाच व्यासाच्या असाव्यात. नट पुरेसा घट्ट करा, पान्याला पाइप लावून नको.

आता गार्ड लावा, बाजूला उभे राहा आणि चालू करा. पूर्ण एक मिनिट समोर यायचं नाही. थरथर असेल तर डायमंड ड्रेसरने (टोकाला हिरा असलेल्या अवजाराने) दगडाचं तोंड सारखं करा. मग बंद करून टूल रेस्ट दगडापासून ३ मिलिमीटरच्या आत आणा आणि गार्डच्या तोंडाशी असलेली वरची जीभ (सरकती पट्टी) ६ मिलिमीटरच्या आत. दगड झिजला की ही अंतरं पुन्हा जुळवावी लागतात. फट वाढली की पातळ पट्टी तिच्यात खेचली जाते.

डोळ्यांना गॉगल हवाच. हातमोजे घालू नका, फिरणारा दगड ते ओढून घेतो. ठिणग्या जिकडे पडतात तिकडे लाकडाचा भुसा नको.

धार लावताना पटाशी रेस्टवर टेकवून डावीकडून उजवीकडे हलती ठेवा, एका जागी दाबू नका. शेजारी पाण्याचा डबा ठेवा आणि दर दोन-तीन सेकंदांनी बुडवा. कडेला गवतासारखा पिवळा रंग आला म्हणजे तापमान २३० अंशांच्या जवळ गेलं. निळा झाला म्हणजे ३०० च्या आसपास, तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. तेवढा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. एचएसएसचं उलट आहे. ते जास्त तापमान सोसतं, पण लाल झालेलं पाण्यात बुडवलं तर तडकतं, म्हणून त्याला हवेतच गार होऊ द्या.

ऑक्टोबरात गोडी छाटणी जवळ आली की ओळखीचे द्राक्ष बागायतदार कात्र्या घेऊन येतात. त्यांना मी ग्राइंडर क्वचितच लावतो. पात्याला खाच पडली असेल तरच पांढऱ्या ८० च्या दगडावर एक-दोन हलके हात, तेही मूळ उताराच्या बाजूनेच, सपाट बाजूला अजिबात नाही. बाकी काम तेलाच्या सहाणेवर. पाठीमागे निघालेला बारीक काटा सपाट बाजू सहाणेवर पूर्ण टेकवून एकदाच ओढला की निघतो.