ब्लॅक थॉर्न ड्युरियन: पारखावा कसा, खावा कसा

ड्युरियन म्हणजे फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ. मलेशियाला गेलेले बहुतेक जण त्याची मुसांग किंग ही प्रसिद्ध जात खाऊन परततात. त्याच्याहून दुर्मिळ ब्लॅक थॉर्न मूळचा पेनांग राज्याच्या मुख्य भूमीवरचा, सुंगाई बाकापच्या बाजूचा. डी२०० या क्रमांकाने त्याची सरकारी नोंद २०१५ मध्ये झाली. दुकानाच्या पाटीवर ‘दुरी हितम’ किंवा ‘ओची’ लिहिलेलं असलं तरी फळ हेच. तिकडे हंगाम साधारण मे ते जुलै.

१. सकाळी जा. मलेशियात ड्युरियन झाडावरून तोडत नाहीत, रात्री आपोआप गळून जाळीत पडलेला विकतात. पडल्या दिवशीच तो खरा खाण्यासारखा असतो.

२. पारख. पैसे बुडतात ते इथेच. ‘जितका उग्र वास तितकं चांगलं फळ’ हा सल्ला सरळ विसरा. आंबूस, दारूसारखा भपकारा म्हणजे साल उकलून गर आंबायला लागलाय.

आधी जात ओळखा. ब्लॅक थॉर्न गोलसर, भोपळ्यासारखा फाकी पडलेला असतो. बुडाशी खळगा, आणि खळग्यात फुलाचं वाळलेलं काळं टोक. पण नुसत्या टोकावर विसंबू नका. हाताळताना ते तुटून पडतं, आणि दुसऱ्या जातींच्या फळांवरही कधीकधी राहतं. आकार, खळगा आणि टोक तिन्ही जुळायला हवीत. शेवटचा पुरावा गराचा रंग: ब्लॅक थॉर्नचा लालसर झाक असलेला केशरी, मुसांग किंगचा हळदीसारखा पिवळा.

मग ताजेपणा. देठ ओलसर हवा; सुकून आक्रसलेला असेल तर फळ शिळं. शेजारचे दोन काटे एकमेकांकडे दाबा, किंचित लवले पाहिजेत. फळ कानाशी धरून हलवा. आत हलकी धप जाणवली तर गर सालीपासून सुटलाय. काहीच हललं नाही तर कच्चा किंवा फार ओला; खडखड वाजला तर सुकलेला. बारीक भोक आणि त्याभोवती भुसा दिसला की आत अळी आहे, खाली ठेवा.

वजन सालीसकट होतं आणि खाण्याजोगा गर जेमतेम पंचवीस ते तीस टक्के निघतो. दीड किलोच्या फळात चारशे ग्रॅमच्या आसपास मिळाला तर नशीब बरं समजा. म्हणून फळ समोर फोडून, गर बघून, मगच पैसे द्या. चांगला विक्रेता स्वतःच फोडून दाखवतो आणि खराब निघालं तर बदलून देतो. कुरकुर करणाऱ्याकडून घेऊच नका. आधीच सोलून डब्यात भरलेला गर ‘ब्लॅक थॉर्न’ म्हणून घेणं तर निव्वळ भाबडेपणा.

३. फोडणं. शक्यतो विक्रेत्याकडूनच. स्वतः फोडायचाच तर जाड हातमोजे घाला, बूड वर करा, शिवणी जिथे एकत्र येतात तिथे सुरीचं टोक दोनेक सेंटिमीटर खुपसून पिळा आणि साल हातांनी फाकवा. आडवा चिरू नका, गर आणि बिया दोन्ही कापल्या जातात.

४. खाणं. गार करून नाही, सामान्य तापमानालाच. पातळ सालपट दाताखाली फाटतं आणि आत रेषा नसलेला, लोण्यासारखा गर. आधी गोडी, मग शेवटी अगदी पुसटसा कडवटपणा. मुसांग किंगचा कडूपणा ज्यांना झेपत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी. दोन्ही चाखायचे असतील तर ब्लॅक थॉर्न आधी; उलट केलंत तर तो नुसता गोडमिट्ट लागेल आणि ‘एवढे पैसे कशाचे?’ असं वाटेल. कच्ची बी खाऊ नका.

सोबत मँगोस्टीन हे फळ घ्या, दारू अजिबात नको: यकृतात दारू पचवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ड्युरियन अडवतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. पोटॅशियम भरपूर असल्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही दूरच राहावं.

५. उरला तर हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये. हॉटेलच्या खोलीत नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी दंड होतो. सिंगापूरच्या मेट्रोतही मनाई आहे.