लिंक बजेट मांडताना या चुका टाळा

लिंक बजेट म्हणजे ट्रान्समीटरपासून रिसीव्हरपर्यंत सिग्नल किती उरतो, याचा डेसिबलमधला हिशोब. उदाहरण साधंच घेऊ. 2.4 गिगाहर्ट्झ, ट्रान्समीटर 20 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर), दोन्ही अँटेनांचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची क्षमता) शून्य, मधे 1 किलोमीटर मोकळी हवा. पाथ लॉस, म्हणजे वाटेतली घट, साधारण 100 डेसिबल, म्हणून रिसीव्हरला -80 डीबीएम मिळतात. इथवर सहसा कोणी चुकत नाही.

पण तसाच दुसरा ट्रान्समीटर जोडला की वहीत 40 डीबीएम येतात! 20 डीबीएम म्हणजे 100 मिलिवॉट. दोन मिळून 200 मिलिवॉट, म्हणजे 23 डीबीएम. 40 डीबीएम म्हणजे चक्क 10 वॉट. डीबीएममध्ये डेसिबल मिळवा किंवा वजा करा. डीबीएममध्ये डीबीएम मिळवू नका.

नॉईजचा आकडा पाठ करून वापरणं ही त्याहून महागात पडणारी सवय. -174 डीबीएम हा फक्त 1 हर्ट्झचा थर्मल नॉईज (उष्णतेमुळे होणारा गोंगाट) आहे. 20 मेगाहर्ट्झ म्हणजे त्याच्या 2 कोटी पट, म्हणून त्यात 73 डेसिबल मिळवायचे: -101. रिसीव्हरची नॉईज फिगर (तो स्वतः घालतो ती नॉईजची भर) 7 धरली तर -94. म्हणजे आपला एसएनआर (सिग्नल नॉईजच्या किती वर आहे ते) -80 वजा -94, 14 डेसिबल.

आता शॅननचं 1948 चं सूत्र, जे बँडविड्थ आणि एसएनआरवरून वेगाची कमाल मर्यादा सांगतं. त्यात 14 थेट घातले की 78 एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) येतात, आणि उत्तर पटण्याजोगं दिसत असल्यामुळे चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. आधी 14 डेसिबलचे 25 पट करा, त्यात 1 मिळवा, लॉगचा पाया 2 घ्या, आणि 20 मेगाहर्ट्झने गुणा. खरी मर्यादा सुमारे 94 एमबीपीएस. ‘बँडविड्थ दुप्पट, वेग दुप्पट’ हाही असाच घोटाळा. 40 मेगाहर्ट्झला नॉईजही 3 डेसिबलने वाढतो, एसएनआर 11 वर येतो आणि हाती सुमारे 150 एमबीपीएस लागतात, 188 नव्हे.

फ्रिक्वेन्सी वाढली की मोकळ्या हवेत लहरी ‘विरतात’, असं सर्रास लिहिलेलं आढळतं. खरं तर तेवढ्याच गेनचा अँटेना लहान होतो आणि कमी ऊर्जा झेलतो. पाथ लॉसच्या सूत्रातली फ्रिक्वेन्सी तिथून येते.

गणित बरोबर, तरी लिंक तुटते? मग फेडिंगसाठी (सिग्नलच्या चढउतारांसाठी) जागा ठेवलीय का, ते आधी बघा. समोरासमोर वाट नसेल तर रॅले मॉडेलनुसार (अनेक वाटांनी येणाऱ्या सिग्नलच्या गणिती मॉडेलनुसार) सुमारे 1 टक्का वेळ सिग्नल सरासरीच्या 20 डेसिबल किंवा त्याहून खाली असतो. आपल्याकडे तर एकूण 14 च आहेत. पॉवर वाढवण्याआधी अँटेना काही सेंटिमीटर सरकवून पाहा, तरंगलांबीच 12.5 सेंटिमीटर आहे. दुसरा अँटेना लावता आला तर उत्तमच: दोघांचं फेडिंग स्वतंत्र असेल, तर दोन्ही एकाच वेळी इतके खोल जाण्याची शक्यता दहा हजारांत एक.