बाहेरून अ‍ॅक्सेसरी लावायच्या आणि वॉरंटीपण टिकवायची असेल तर काय करायचं

शोरूमवाला म्हणतो बाहेरून एक वायर जरी जोडली तरी वॉरंटी संपली, आणि अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात म्हणतात "काही होत नाही भो, लाव बिनधास्त". दोन्ही ऐकू नका. घरच्या आणि भाऊबंदांच्या मिळून बऱ्याच गाड्यांचं हे काम मी उभं राहून करून घेतलंय, त्यावरून सांगतो.

आधी गाडीसोबत आलेली वॉरंटी पुस्तिका काढा आणि 'काय कव्हर होत नाही' हे पान वाचा. बहुतेक ठिकाणी भाषा अशी असते की बदलामुळे किंवा बाहेरच्या पार्टमुळे झालेला बिघाड कव्हर होणार नाही. यातला "मुळे" हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर लावून टाका. फक्त सीटमध्येच साइड एअरबॅग असेल तर ती बाजू मोकळी राहील असंच कव्हर घ्या. बाहेरून सीएनजी किट किंवा ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) वॉरंटी असेपर्यंत नकोच. सीएनजी आरसीवर चढवावा लागतो आणि इंजिनाची वॉरंटी त्याच्यापायी अडकते, आणि रीमॅप काढून परत कंपनीचं सेटिंग टाकलं तरी बऱ्याच गाड्यांत ईसीयूमध्ये त्याची नोंद राहते. जे काही लावाल ते इन्शुरन्सवाल्यालाही कळवा.

आता लाइट. आपल्याकडे सीझनमध्ये रात्री हायवेला मागे लाल दिवा नसलेले कपाशीचे ट्रॅक्टर असतात, त्यामुळे पॉवरफुल बल्ब टाकावेसे वाटतात हे मला कळतं, पण हेडलाइटचा एच-फोर प्रकारचा कंपनी बल्ब 60/55 वॅटचा (हाय बीम 60, लो बीम 55) असतो आणि लोक 100/90 टाकतात, म्हणजे हाय बीमला दोन्ही हेडलाइट मिळून 10 अँपिअरच्या जागी 16-17 अँपिअर त्याच बारीक वायरीतून जातो आणि कपलर (वायरी जोडायचा प्लग) वितळतो. हे मात्र खरंच तुमच्यामुळे झालं, क्लेम मागू नका. मुळात आहे तोच वॅट ठेवा. फॉगलॅम्प किंवा स्टिरिओ लावायचा तर गाडीच्या मॉडेलचा कपलर आणि फॉगलॅम्पला वेगळा रिले-फ्यूज, एवढं मिळेल तिथेच लावा. मेकॅनिक वायर छिलून टेप मारायला लागला की तिथेच थांबवा. बिल घ्या, जुना पार्ट घरी ठेवा.

खरी अडचण क्लेमच्या दिवशी येते, आणि मी तिथेच फसलो होतो. माझ्या एका गाडीचा एसीचा कॉम्प्रेसर भर मे महिन्यात गेला, बाहेर 45 डिग्री, घरात लहान मुलं, आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर बोनेट उघडून फॉगलॅम्पची वायर दाखवून म्हणाला, "भाऊ, बाहेरचं काम आहे, वॉरंटीत बसणार नाही." मी मान हलवली आणि 19 हजार भरले. फॉगलॅम्पचा आणि कॉम्प्रेसरचा काय संबंध हे विचारलंच नाही, आणि त्याने तोंडी सांगितलेलं मी खरं धरलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तोंडी "नाही" घेऊन सर्व्हिस सेंटरमधून बाहेर पडू नका. तक्रार तुमच्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या. मग शांतपणे विचारा, कुठला पार्ट फेल झाला, कशामुळे झाला, आणि माझ्या अ‍ॅक्सेसरीमुळेच झाला हे कशावरून ठरवलं, आणि हे सगळं ईमेलवर द्या. पुढच्या गाडीला पॉवर विंडोची मोटर गेली तेव्हा मी एवढंच केलं. आधी दोन दिवस टोलवाटोलवी झाली, आवाज मी एकदाही चढवला नाही, तिसऱ्या दिवशी मोटर वॉरंटीत बसली, कारण स्टिरिओमुळे मोटर गेली असं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं.

क्लेमच्या आधी अ‍ॅक्सेसरी काढून न्या असा सल्ला देणारे खूप आहेत, तसं करू नका. स्क्रूच्या खुणा, टेपचा चिकटपणा त्यांना लगेच दिसतो आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. यूट्यूबवर जो 1975 चा वॉरंटी कायदा सांगतात तो अमेरिकेचा आहे, इथे त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा 2019 चालतो.

लेखी नकार आला आणि कारण पटलं नाही तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तोच मेल पाठवा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत 2 वर्षं आहे. आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, कंपनी कुठलीही असो, नंदुरबारच्या माणसाने नंदुरबारलाच टाकायची.