लघवीसाठीचे कापडी पॅड शोषत नव्हते, वासही जात नव्हता: माझा अनुभव

खोकला आला किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना माझी थेंबभर लघवी निसटते, म्हणून धुऊन वापरायचे पॅड घेतले. दोन महिन्यांत लघवी मुरेना, कडेने ओघळू लागली. धुतलेला पॅडही अंगाच्या उबेने वास मारायचा.

जाड पॅड आणले, साबण वाढवला, जंतुनाशकात भिजवले. फरक शून्य. रडू यायचं बाकी होतं.

कारण निघालं कपडे मऊ करणारं कंडिशनर. ते धाग्यांवर थर चढवतं आणि कापड पाणी पीत नाही. कोरड्या पॅडवर चमचाभर पाणी ओता. थेंब वरच गोळा होऊन राहिला तर तुमचंही तेच.

मी केलं ते असं. आधी गार पाण्यात पिळून पिळून धुतलं, पिवळेपणा निघेपर्यंत. मग अर्धी बादली कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवून 30 मिनिटं भिजवलं. नंतर साध्या पाण्यात खळबळलं. फेस येत राहिला म्हणून चार वेळा. शेवटी गच्चीवर कडक उन्हात. दुसऱ्या खेपेला पाणी लगेच मुरलं.

उकळतं पाणी आणि इस्त्री टाळा, पाणी अडवणारा आतला थर खराब होतो.

आता पॅड काढल्याबरोबर गार पाण्यातून काढते. ओला तसाच ठेवला की जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, तोच तो वास. श्रावणात ऊन नसतं, तेव्हा पंख्याखाली पूर्ण वाळवते.

जळजळ होत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.