पायथागोरस शिकवताना सूत्र सगळ्यात शेवटी द्या

सातवी-आठवीच्या कुठल्याही पोराला विचारा पायथागोरस काय म्हणतो, झोपेतून उठून सांगेल "कर्णवर्ग बरोबर पायावर्ग अधिक उंचीवर्ग". मग तोच त्रिकोण जरा फिरवून काढा, काटकोन वर टोकाला ठेवा, की लगेच गडबड, कर्ण कुठला तेच सापडत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की आपण सूत्र फार लवकर हातात देतो. हा सिद्धांत मुळात चौरसांच्या क्षेत्रफळाचा आहे, आणि ते चौरस पोरांनी स्वतः कापून, जुळवून बघितले नाहीत तर सूत्र पाठ होतं, मार्कही मिळतात, आणि सुट्टीनंतर पाटी कोरी. म्हणून मी ज्या क्रमाने शिकवते तो इथे लिहितेय, शिक्षकांना उपयोगी पडेलच पण घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईबाबांनाही यातलं बरंचसं करता येईल, सामान सगळं घरातलंच आहे.

सुरुवात त्रिकोणापासूनच करा, डायरेक्ट काटकोन त्रिकोणावर उडी नको. खराट्याच्या काड्या घ्या आणि मुलांना ३, ४, ५, ७, ८ सेंटिमीटरचे तुकडे करायला सांगा. आता ३, ४ आणि ८ चा त्रिकोण करा म्हणायचं आणि आपण गप्प बसायचं. पोरं बराच वेळ झटापट करतात, टोकं जुळतच नाहीत, मग ३, ४ आणि ७ घेतात तर तो आडवाच पडतो, नुसती रेघ. ५ घेतल्यावर मात्र मस्त उभा राहतो. "दोन लहान मिळून मोठीपेक्षा जास्त पाहिजे" हे वाक्य त्यांच्याच तोंडून येतं, तुम्हाला फळ्यावर लिहावं लागत नाही. पुढे कोणी "३ आणि ४, म्हणून कर्ण ७" असं उत्तर काढलं तर फक्त ही काड्यांची रेघ आठवून द्यायची.

काडीपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायची आयडिया टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांमुळे आपल्याकडे बऱ्याच शिक्षकांना माहीत आहे, ती इथे जरूर वापरा. चौकोन केला की तो हलतो, दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र हलत नाही. मग पत्र्याच्या शेडची कैची (छताखालचा त्रिकोणी सांगाडा) आणि विजेचा टॉवर दाखवा, पोरं स्वतःच त्रिकोण मोजायला लागतात.

कोनांची बेरीज १८० हे पण कागदावर. इथे एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, त्रिकोणाचे तिन्ही कोपरे हाताने फाडायचे, कात्रीने कापायचे नाहीत. कात्रीने कापलं की प्रत्येक तुकड्याला तिन्ही कडा सरळ होतात आणि मूळ कोपरा कुठला ते मुलांना ओळखूच येत नाही. फाडला की फाटकी कड लगेच दिसते. तिन्ही कोपरे शेजारी शेजारी चिकटवले की सरळ रेषा. आणि यातूनच एक प्रश्न टाका, एका त्रिकोणात दोन काटकोन बसतील का? बसत नाहीत हे कळलं की काटकोन त्रिकोणात उरलेले दोन कोन मिळून ९० हे आपोआप आलं. हे डोक्यात पक्कं पाहिजे, पुढे सिद्धतेत लागणार आहे.

आता काटकोन. प्रत्येक मुलाने कुठलाही वेडावाकडा फाटका कागद घ्यायचा, एक घडी घालायची, मग ती घडी स्वतःवरच बरोबर येईल अशी दुसरी घडी. झाला काटकोन तयार, खिशात ठेवायचा. याने खिडकी तपासा, फळा तपासा, वहीचा कोपरा तपासा, गुण्याही तपासा. मग फळ्यावर काटकोन त्रिकोण काढा, पण सगळे वेगवेगळ्या दिशेला तोंड केलेले, एकही "पाया खाली, उंची डावीकडे" असा नको. नियम एकच, काटकोनावर बोट ठेव आणि तिथून समोर बघ, समोर दिसते ती बाजू कर्ण. बाकीच्या दोन बाजू काटकोन करणाऱ्या. पाया-उंची हे शब्द मी इथे मुद्दाम वापरत नाही, कारण त्रिकोण फिरला की पाया कुठला यावरच वाद सुरू होतो.

यानंतर खरी मजा. कार्डशीटवर ६ आणि ८ सेंटिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून घ्या, कर्ण मोजला की १० भरतो. आता तिन्ही बाजूंवर चौरस काढून कापा, ६ चा, ८ चा आणि १० चा, तिन्ही वेगळ्या रंगाचे असले तर फारच छान. मुलांना सांगा, लहान आणि मधला मिळून मोठ्या चौरसावर बरोबर बसवायचे, एकावर एक चढवायचं नाही, रिकामी जागा ठेवायची नाही. नुसते ठेवून बसत नाहीत हे लगेच कळतं, म्हणजे कापावं लागणार. कसं कापायचं त्याची एक सुंदर युक्ती आहे, हेन्री पेरिगल नावाच्या लंडनच्या एका शेअर दलालाने १९ व्या शतकात शोधलेली. ८ चा चौरस घ्या. एकाच दिशेने फिरत फिरत प्रत्येक बाजूवर कोपऱ्यापासून १ सेंटिमीटरवर खूण करा. दिशा बदलायची नाही, इथेच पोरं चुकतात म्हणून तुम्ही फेरी मारून प्रत्येकाच्या खुणा बघा. आता समोरासमोरच्या खुणा जोडा. दोन तिरक्या रेषा मिळतील, मधोमध काटकोनात छेदतात (खिशातला कागद लावून बघू दे त्यांना) आणि मोजल्या तर प्रत्येक रेषा बरोबर १० सेंटिमीटर! या रेषांवर कापलं की चार सारखे तुकडे. ते चार तुकडे १० च्या चौरसाच्या चार कोपऱ्यांत ठेवायचे, मधोमध जो काटकोन झाला होता तो बाहेरच्या कोपऱ्यात येईल असे. मध्ये एक चौकोनी भोक उरतं आणि त्यात ६ चा चौरस टक्कन बसतो. हा क्षण वर्गात असतो तेव्हा कृपा करून बोलू नका, पोरांना ओरडू दे.

१ सेंटिमीटरच का, असं कोणीतरी हुशार पोरगं विचारेलच. ८ मधून ६ गेले २, त्याचं निम्मं १. त्याला ५ आणि १२ चा त्रिकोण देऊन टाका, खूण कुठे करायची ते त्याने शोधावं (साडेतीनवर येते).

इथे लगेच "म्हणून सिद्ध झालं" म्हणू नका. कागद फसवतो, आणि हे मुलांना मुद्दाम दाखवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ८ बाय ८ चा चौरस चार तुकडे करून ५ बाय १३ चा आयत करायचं एक जुनं कोडं आहे, ६४ चौकटींच्या ६५ होतात! तुकडे डोळ्याला बसलेले दिसतात पण मध्ये बारीक फट असते. मग आपले ६ आणि ८ चे चौरस खरंच बसले का नुसते बसल्यासारखे दिसले? हा प्रश्न वर्गात पडला की सिद्धता हवी कशाला ते कळतं, नाहीतर पोरांना सिद्धता म्हणजे परीक्षेतले चार मार्कच वाटत राहतात.

सिद्धतेसाठी १४ सेंटिमीटरचा चौरस वहीत काढा, म्हणजे ६ अधिक ८. कार्डशीटचे ६-८-१० चे चार सारखे त्रिकोण घ्या. आधी चौघांचे काटकोन चौरसाच्या चार कोपऱ्यांत बसवा, मध्ये तिरकं भोक उरतं, त्याची प्रत्येक बाजू कर्ण. ते भोक चौरसच आहे कशावरून? प्रत्येक कडेवर दोन लघुकोन आणि भोकाचा कोन मिळून सरळ रेषा होते, दोन लघुकोन मिळून ९०, म्हणून उरला तो ९०. कोपरे फाडले होते ते इथे कामाला आलं. आता तेच चार त्रिकोण सरकवून दोन-दोनचे आयत करा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा, आता भोकं दोन, एक ६ चा चौरस आणि एक ८ चा. बाहेरचा चौरस तोच, त्रिकोण तेच, मग उरलेली जागाही तेवढीच असणार की नाही? आणि यात ६ आणि ८ ला काहीच महत्त्व नाही, कुठलाही काटकोन त्रिकोण घ्या, हेच होणार. सूत्र आता लिहा फळ्यावर, आणि तेही आधी शब्दात, काटकोन करणाऱ्या बाजूंवरचे दोन चौरस मिळून कर्णावरचा चौरस.

काटकोन नसेल तर काय होतं हे पण लगेच बघून टाका. ४, ५, ६ चा त्रिकोण, १६ आणि २५ मिळून ४१, मोठ्या बाजूचा वर्ग ३६, म्हणजे कमी, आणि त्रिकोण लघुकोन. २, ३, ४ मध्ये १३ विरुद्ध १६, त्रिकोण विशालकोन. हे केलं की कुठल्याही त्रिकोणाला सूत्र लावायची सवय लागतच नाही.

इतिहास थोडा सांगा पण नीट सांगा. पायथागोरसच्या हजारेक वर्षं आधी बॅबिलोनच्या मातीच्या पाटीवर काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचे असे आकडे कोरलेले सापडलेत. आपल्याकडे बौधायन शुल्बसूत्रात यज्ञाच्या वेदी दोरीने आखायच्या संदर्भात हा नियम आयताच्या कर्णासाठी दिलाय, आणि ३-४, ५-१२, ८-१५, ७-२४, १२-३५, १५-३६ अशा जोड्याही दिल्यात, तिसरा आकडा मुलांना शोधायला लावा, मस्त सराव होतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या दोन शाळकरी मुलींनी, कॅल्सिया जॉन्सन आणि नकिया जॅक्सन यांनी, त्रिकोणमिती वापरून नवी सिद्धता २०२३ मध्ये गणितज्ञांपुढे मांडली. हे सांगितलं की मुली जरा सरसावून बसतात.

गणितं सोडवताना चुका ठरलेल्या असतात. ५ चा वर्ग १० लिहिणे, शेवटी वर्गमूळ न काढता १०० लाच उत्तर म्हणणे, आणि कर्ण दिलेला असताना सुद्धा बेरीजच करणे. तिसरी सगळ्यात जास्त. त्यावर माझा उपाय म्हणजे आकडेमोडीच्या आधी आकृती, आकृतीत काटकोनाची खूण, आणि कर्णावर लाल पेन. शिडी २५ फूट, भिंतीपासून ७ फुटांवर, टोक किती उंचीवर? लाल रेघ शिडीवर आली की वजाबाकी आपोआप सुचते, ६२५ मधून ४९, राहिले ५७६, उत्तर २४ फूट.

मग वर्गाबाहेर पडा. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटर असतं, ते फक्की टाकून आखायला सांगा, फक्त दोरी, खुंट्या आणि मेजरिंग टेप देऊन. ८ मीटरची बाजू आखली, आता कोपऱ्यात काटकोन कसा आणायचा? दुसऱ्या बाजूवर ६ मीटरवर खुंटी, आणि दोन्ही टोकांत टेप बरोबर १० मीटर भरेपर्यंत ती खुंटी सरकवायची, मग तीच रेषा पुढे १२ पर्यंत न्यायची. गवंडी पायाची आखणी ३-४-५ फुटांवर अशीच करतात, जवळ बांधकाम चालू असेल तर मिस्त्रींना विचारून मुलांना दाखवाच. शेवटी मैदानाचे दोन्ही कर्ण मोजा. १४४ आणि ६४ मिळून २०८, १४ चा वर्ग १९६ आणि १५ चा २२५, म्हणजे साडेचौदाच्या आतबाहेर यायला पाहिजे असा अंदाज मुलांनी आधी करायचा आणि मग टेप लावायचा. १४.४२ च्या जवळ आलं आणि दोन्ही सारखे आले की मैदान गुण्यात आहे, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत.

सवड असेल तर भास्कराचार्यांचं लीलावतीतलं बांबूचं गणित द्या. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर मोडला किती उंचीवर? समीकरण येत नसेल तरी चालेल, तक्ता करून बघू दे. उंची १० धरली तर मोडलेला भाग २२, १०० आणि २५६ मिळून ३५६, पण २२ चा वर्ग ४८४, जमलं नाही. १२ धरली तर २०, आणि १४४ अधिक २५६ बरोबर ४००, जमलं. भास्कराचार्यांच्या नावाने शिलालेख असलेलं पाटण चाळीसगावजवळच आहे, खानदेशातल्या शाळांनी तर सहल तिकडेच काढावी.

चाचणी घ्यायची तर मुलांनाच प्रत्येकी एक गणित तयार करायला सांगा, आकृतीसकट, घरातल्या किंवा शेतातल्या कशावर तरी. टीव्हीचे ३२ इंच म्हणजे कर्ण, त्यावर बरीच पोरं करतात (रुंदी साधारण २८, उंची साधारण १६ येते). तपासताना मी उत्तराच्या आधी एकच गोष्ट बघते, काटकोन आहे हे कशावरून ते लिहिलंय का. नसेल लिहिलं तर वही परत.