बॅकवॉशला पाणी किती सोडायचं? फिल्टरवर नव्याने लागलेल्यांसाठी

जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर म्हणून लागलं की पहिल्या आठवड्यातच बॅकवॉशचं, म्हणजे खालून वर उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचं काम हातात येतं. व्हॉल्व्हचा क्रम दोन दिवसांत पाठ होतो. पाणी किती वेगाने सोडायचं हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. ‘चाक पूर्ण फिरव आणि आठ मिनिटं धर’ एवढ्यावर भागवलं जातं. वेग कमी पडला तर वाळू नुसती भिजते, जास्त झाला तर तीच वाळू गटरातून (धुण्याचं घाण पाणी वाहून नेणाऱ्या, वाळूच्या वरच्या नाल्यातून) निघून जाते.

इथे नगरपालिकांच्या केंद्रांवर दिसणारा जलद वाळू फिल्टर धरू, आधी हवा आणि मग पाणी देणारा. वाळूचा थर साधारण ७५ सेंमी, खाली गोटे. अशा बेडला, म्हणजे वाळू भरलेल्या हौदाला, धुताना दर चौरस मीटरला मिनिटाला ४०० ते ५०० लिटर पाणी लागतं. हवेची सोय नसेल तर ६०० च्या आसपास.

पंपाच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. तो नव्या पंपाचा, ठरावीक हेडला (पाणी चढवायच्या उंचीला) मिळणारा डिस्चार्ज, म्हणजे प्रवाह असतो. उंच टाकीतून धुत असाल तर टाकी उतरत जाते तसा प्रवाहही मंदावतो. खरा वेग बेडच्या भिंतीवरच मोजायचा. वाळूच्या वर आणि गटराच्या काठाच्या खाली, एकमेकींपासून २० सेंमी अंतरावर खडूने दोन रेघा मारा. खालची रेघ थोडी उंच ठेवा, म्हणजे पाणी तिथे पोचेपर्यंत व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असेल. पाणी या रेघेवरून त्या रेघेवर जायला किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. २४ सेकंद लागले म्हणजे मिनिटाला ५० सेंमी. त्याला १० ने गुणलं की चौरस मीटरला मिनिटाचे लिटर मिळतात: ५००. बेड ६ बाय ४ मीटरचा असेल तर २४ चौरस मीटरला मिनिटाला १२,००० लिटर, आठ मिनिटांत ९६,००० लिटर. हाच बेड तासाला १२० घनमीटर गाळत २४ तास चालला असेल तर धुण्यात साधारण ३.३ टक्के पाणी गेलं. आकडा ५ च्या वर जायला लागला तर बेड वारंवार का धुवावा लागतोय ते शोधा. बहुतेक वेळा गोम तुरटीच्या डोसात किंवा सेटलिंग टाकीत असते.

वेग ऋतूप्रमाणे बदलतो, हे तर अनेक जुन्या ऑपरेटरांच्याही लक्षात नसतं. थंड पाणी दाट, म्हणून वाळू सहज उचलतं. पाणी एक अंश तापलं की तेवढीच उचल मिळवायला सुमारे २ टक्के जास्त प्रवाह लागतो. जानेवारीत व्हॉल्व्ह जेवढा उघडायचं ठरवलं तेवढाच मे महिन्यात उघडला तर धुणं अपुरं राहतं.

वाळू किती उचलली हे पाहायला एका काठीला दर ५ सेंमीवर छोटी झाकणं तोंड वर करून बांधा आणि धुणं चालू असताना काठी वाळूच्या मूळ पातळीपासून वर उभी धरा. ज्या सगळ्यात वरच्या झाकणात वाळू सापडेल तिथपर्यंत थर फुगला. ७५ सेंमीच्या थराला ११ ते १५ सेंमी फुगवटा ठीक आहे.

आता क्रम. इनलेट बंद करा, पाणी वाळूच्या वर १०-१५ सेंमी उरेपर्यंत उतरू द्या, मग आउटलेट बंद करून ड्रेन उघडा. ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) ३ ते ५ मिनिटं चालवा. तो बंद करून हवेचा व्हॉल्व्ह मिटवल्यावरच पाणी, तेही अर्ध्या-एका मिनिटात हळूहळू वाढवत. इथे घाई केली की अडकलेली हवा एकदम उसळते आणि गोट्यांचा थर विस्कटतो, आणि विस्कटलेला थर बेड उपसल्याशिवाय सरळ होत नाही. गटरातलं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. १० एनटीयूच्या (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक) आसपास आलं की पुरे. आरशासारखं होईपर्यंत धुणं म्हणजे पाण्याची नासाडी, शिवाय बेड पुन्हा नीट गाळू लागायला जास्त वेळ घेतो. सुरू करताना पहिली १०-१५ मिनिटं पाणी वाया सोडायची सोय असेल तर ती वापरा. १ एनटीयूच्या खाली आल्यावरच टाकीत घ्या.

धुताना काठावर उभं राहून बघत जा. एकाच जागी उकळी फुटत असेल तर खालचा नोझल (तळाशी हवा-पाणी सोडणारं तोंड) तुटलेला असण्याची शक्यता मोठी. शुद्ध पाण्याच्या टाकीत वाळू सापडली की खात्रीच. एखादा कोपरा शांत राहत असेल तर तिथले नोझल चोंदलेत. बेडमधलं पाणी उतरवल्यावर भिंतीलगत भेगा किंवा वाळूत सुपारीएवढे चिखलाचे गोळे दिसले, तर बरेच दिवस धुणं अपुरं चाललंय. गोळे लहान असताना जाळीने उचलता येतात. मोठे झाले की जड होऊन गोट्यांपर्यंत जातात, मग वाळू काढूनच धुवावी लागते.